बाळगोपाळांच्या ताराबाई



मी सातवीपर्यंत शिकलेली आणि घर सांभाळणारी बाई. मोठे विचार मांडण्याची माझी पात्रता नाही. परंतु पाळण्याची दोरी हातात धरून गाणे म्हणणे, बाळाच्या तळहातावर बोट टेकवून मोराला नाचायला बोलावणे, घास भरवताना चांदोबाला हाक मारणे ही कामे आपण सर्वजणींनी केलेली आहेत. ती करताना आपण काही शिकवीत आहोत असे आपल्या मनातही आले नसेल. मूल रडते म्हणून गायचे, जेवत नाही म्हणून गायचे, एवढाच आपला हिशेब. या साध्या कामाची किंमत ओळखून त्यावर ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र आपल्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत असावे असे मला वाटले, म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे काम करणारे सुधारक, आणि आई उमाबाई या विधवा असून त्यांनी सदाशिवरावांशी पुनर्विवाह केला होता. त्या काळी असा विवाह करणाऱ्यांना जातभाईंचा किती त्रास सोसावा लागे हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेले आहे. अशा धीराच्या आईबापांच्या पोटी ताराबाई आल्या. प्रार्थना समाजाच्या उपासनेत आपल्या संतांचे अभंग गायिले जात. म्हणजे मुलीच्या कानावर लहानपणापासून चांगले शब्द आणि चांगले सूर पडत होते. मुलींनी शाळेत जाण्याचीही जेथे चोरी होती, त्या काळात ताराबाई शिकत गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. एक मुलगी झाली. परंतु संसार काही सुखाचा झाला नाही, आणि १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. याविषयी मी अधिक लिहीत नाही. पदरी लहान मूल घेऊन एकटीने उभे राहणे म्हणजे काय हे बायकांना निराळे सांगावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी तर ते आजच्या शतपट कठीण होते. ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोट येथे स्त्रियांना शिक्षिका होण्याचे शिक्षण देणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते, तेथे त्यांना प्राचार्याची जागा मिळाली. मानाची जागा, चांगला पगार. आणखी कोणी असते तर तेथेच समाधान मानून राहिले असते.

पण ताराबाईंच्या मनाला लहान मुलांच्या शिक्षणाचा ध्यास लागला होता. त्या वेळी काठेवाडातच भावनगर येथे एक नवलाची गोष्ट चालली होती. गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ चांगली चालणारी वकिली सोडून लहान मुलांत येऊन बसले होते. घरात मुलगा जन्मला, त्याला कसे वाढवावे याचा विचार करू लागले, आणि इटलीतील डॉक्टर बाई मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. या माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील मजुरांच्या वस्तीत लहान मुलांचे एक घर उघडले होते. मूल हे मारून मुटकून शिकवायचे नसून, त्याच्या हाताला योग्य काम दिले की ते आपले आपण शिकते, असे त्यांनी दाखविले होते. नानाभाई भट्ट यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था काढली होती. तिच्यात गिजुभाईंनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मिशा असलेले हे गृहस्थ मुलांना इतके लळा लावीत की गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले.

ताराबाई १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून या बालमंदिरात आल्या. तेथे त्यांनी नऊ वर्षे काम केले. येथूनच त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले, म्हणून येथे थोडे थांबते.

माँटेसरीबाईंच्या पद्धतीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगाच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे अशी पुष्कळ साधने असतात. ती सर्व भावनगरला होती. परंतु गिजुभाई आणि ताराबाई यांनी परदेशची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना लहान मुलांना राजा-राणी-राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगणे फारसे पसंत नव्हते. इकडे गिजुभाईंनी गोष्टीला मोठे स्थान दिले, आणि गोष्टीबरोबर गाणे, नाच, नाटुकले हेही आले. आपल्या देशातील मूल आजीच्या गोष्टीवर आणि आईच्या गाण्यावर वाढते, ते त्याच्यापासून काढून घेऊन नुसते ठोकळे हातात दिले तर त्याचे कसे व्हावे? बाईंच्या मनाला हे लगेच पटले. आपण ज्यांना बडबडगीते म्हणतो, त्यांना गुजरातीत जोडकणी म्हणतात. अर्थापेक्षा यमकाचा खेळ जास्त. अशी जोडकणी, मुलांना गाता येतील अशी लोकगीते, या दोघांनी लोकांच्या तोंडून गोळा केली आणि मुलांसाठी पुस्तकरूपाने काढली. मराठी माहेरची ही बाई गुजराती भाषेत मुलांसाठी लिहू लागली.

भगिनींनो, मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. गाणी कोणाच्या तोंडची? कोणा आजीच्या, कोणा आत्याच्या, दळणकांडण करणाऱ्या बाईच्या. शिकलेल्या माणसांनी त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते. बायकांचे काहीतरी चाललेले असते, एवढेच म्हणत. आणि पदवी घेतलेल्या, कॉलेज चालविलेल्या ताराबाईंनी ती कागदावर उतरवून शाळेत आणली, कारण लहान मुलाचे पहिले शिक्षण तेच आहे हे त्यांनी ओळखले होते.

ते पहिले शिक्षण कसे, हे आपल्यालाही रोजच्या अनुभवाने समजण्यासारखे आहे. मूल पोटात असतानाच त्याला आईचा आवाज ऐकू येतो, म्हणून जन्मल्यावर इतक्या आवाजांत ते आईचा आवाज ओळखते. अंगाईत आपण शब्द लांबवितो, तोच शब्द पुन्हा पुन्हा घेतो, मध्ये बाळाचे नाव घालतो. त्यामुळे वाहत्या बोलण्यातून एकेक शब्द त्याला सुटा ऐकू येऊ लागतो. टाळ्यांच्या गाण्यात हात आणि कान एकत्र चालतात. बोटे मोजण्याच्या गाण्यात आकडे येतात. दीड-दोन वर्षांच्या मुलासमोर ओळखीच्या गाण्याचा शेवटचा शब्द आपण मुद्दाम गाळला, तर ते मोठ्या आनंदाने तो शब्द भरते. पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असते आणि ते बरोबर निघाले याचा त्याला अभिमान वाटतो. याच्यासाठी पाटी लागत नाही, पुस्तक लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही. पण गाणारे माणूस मुलाच्या जवळ, त्याच्या डोळ्यांसमोर असावे लागते. ही शेवटची गोष्टच ताराबाईंच्या पुढच्या कामाचे मूळ आहे.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षणाचे विचार घरोघर जावेत म्हणून शिक्षणपत्रिका नावाचे मासिक आधी गुजरातीत निघाले, आणि पुढे मराठी शिक्षणपत्रिका ताराबाईंनी चालविली. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला शिस्त कशी लावावी, अशा घरातल्या प्रश्नांवर त्या आईबापांसाठी लिहीत. मुलाला बागुलबुवाची भीती घालणे त्यांना नापसंत होते. मला वाटते, आपणही येथे जरा विचार करावा. झोप म्हणून गाणे म्हणायचे आणि त्यातच बुवा येईल म्हणून धाक घालायचा, हा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. मूल झोपते खरे, पण घाबरून डोळे मिटते.

भावनगर सोडल्यावर ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. त्याबरोबर शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही आले. येथून शिकून निघालेल्या बायकांनी महाराष्ट्रात गावोगाव बालमंदिरे काढली. गिजुभाई १९३९ साली वारले, आणि कामाचा सारा भार ताराबाईंवर आला. बालमंदिरे वाढत होती, नाव होत होते. पण एक गोष्ट त्यांना सलत होती. या सुंदर शाळांत येणारी मुले होती कोणाची? शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतली. ज्यांच्या घरी आई दिवसभर आहे, आजी आहे, खेळणी आहेत, त्यांनाच बालमंदिर मिळत होते. ज्या मुलांची आई पहाटे कामावर जाते आणि अंधार पडल्यावर येते, त्यांच्यासाठी कोण गाणार? लहान मुलांचे शिक्षण खेड्यांतील गरिबांपर्यंत, त्यांना झेपेल अशा खर्चात गेले पाहिजे, हा महात्मा गांधींचा विचार त्या दिवसांत सर्वत्र चर्चिला जात होता. ताराबाईंनी तो मनावर घेतला.

वयाची त्रेपन्न वर्षे झाली होती. या वयात पुष्कळ बायका सुनेच्या हाती किल्ल्या देऊन जपाची माळ घेतात. ताराबाई मुंबईचे काम मागे ठेवून १९४५ साली बोर्डीला गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. याच सुमारास त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत त्यांचे कुंकू पुसले गेले होते. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. एक पतीपासून वेगळी राहिलेली, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांना घराच्या कोपऱ्यात बसविले असते, अशा या दोघीजणींनी मिळून शेकडो मुलांचा संसार केला. 

बोर्डीला पहिला अनुभव कडू आला. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. गोरगरिबांच्या वस्तीतील आईबापांना या शाळेचा उपयोग कळत नव्हता. शिवाय तीन-चार वर्षांचे मूल आपण होऊन इतक्या लांब येणार कसे? सहा-सात वर्षांची मुलगी असली तर तिच्या कडेवर धाकटे भावंड. तिला सोडून ती कोठे जाणार? इतर कोणी म्हटले असते, लोकांनाच नको आहे तर आपण काय करावे? ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, तर शाळेने मुलाकडे जावे.

शिक्षिका निघाल्या आणि वस्तीतच, कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत जाऊन बसल्या. मुलांना हाका मारून गोळा करायचे, नाक पुसायचे, आंघोळ घालायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची महागडी साधने येथे कोठून आणणार? समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानेफुले, जड-हलके कळायला खडे. मूळ शास्त्र तेच, साहित्य आपल्या अंगणातले. गावात एक मुख्य बालवाडी आणि वस्तीवस्तीतून अशा अंगणातल्या बालवाड्या अशी त्यांनी योजना केली. अंगणवाडी हा आज खेड्यापाड्यांतील प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द या कामातून आला असे मानतात.

अंगणात बसल्याचा आणखी एक मोठा फायदा झाला. आया कामावरून येता-जाता थांबून पाहू लागल्या. गाणे कानावर पडले की बाई आपोआप थबकते. आपले मूल टाळ्या वाजवीत आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर बालवाडी म्हणजे काय हे तिला निराळे समजावून सांगावे लागले नाही. शिकलेल्या बाईने आपल्या मुलाचे शेंबूड काढलेले पाहून तिचा परकेपणाही गेला.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती सारी वारली आणि इतर आदिवासींची वस्ती. जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली ज्यांनी लढा दिला, तेच हे वारली. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पण गाण्याचे दारिद्र्य मुळीच नाही. तारप्याच्या सुरावर सारा पाडा नाचतो. वारल्यांच्या लग्नात धवलेरी म्हणून बाई असते, तिने गाणी म्हटल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे त्यांच्यात बाईचे गाणे हाच मंत्र! अशा घरातील मुलाला गाणे नवे नव्हते. नवी होती ती पुस्तकातली मराठी भाषा आणि शाळेची चार भिंतींची खोली. म्हणून तेथे मुलांच्याच बोलीने, त्यांच्या ओळखीच्या झाडापाखरांनी सुरुवात करावी लागली.

कोसबाडला ताराबाईंनी विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मोठी बहीण शाळेत, मधले भावंड बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. कडेवरच्या बाळामुळे जिची शाळा बुडत होती, तिच्या कडेवरचे ओझे उतरले. मला तर ताराबाईंच्या सर्व कामांत ही युक्ती फार आवडते. घर चालविणाऱ्या बाईलाच ती सुचावी अशी आहे. आणि जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणावर जात, गुरे चरत असत आणि मुले शिकत असत.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. मोठमोठी माणसे कोसबाडची टेकडी चढून काम पाहावयास येऊ लागली. ताराबाई शेवटपर्यंत या कामाच्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, टेकडीवरचा दिवा तेवत ठेवला. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पुढे तिचा विस्तार देशभर झाला. ताराबाईंना हे पाहावयास मिळाले नाही याची चुटपुट लागते.

आता आपल्याविषयी दोन शब्द लिहिते आणि पुरे करते.

आज घराघरांत मूल रडले की त्याच्या हातात मोबाईल दिला जातो. त्यातही गाणी असतात, चांगली असतात, चित्रे असतात. सूनबाईला नोकरी असते, दिवसभर दमलेली असते, म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या यंत्राला मुलाचे नाव ठाऊक नसते. मुलाने शब्द भरावा म्हणून ते थांबत नाही, आणि मूल हसले तर त्याला आनंद होत नाही. ज्या घरी आईला वेळ नाही, त्या घरी दुसऱ्या कोणी तरी गायिले पाहिजे हेच तर ताराबाईंनी अंगणात जाऊन दाखविले. ते दुसरे कोणी आपण होऊ शकतो. आपल्यातील पुष्कळजणी आता आज्या झाल्या आहेत किंवा होतील, आणि दुपारचा एखादा तास आपल्याला मोकळा असतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या बायकांना जी अंगाईगीते, पाळणे, बोटांची आणि टाळ्यांची गाणी येतात, ती एका वहीत उतरवून घ्यावीत. कोकणातल्या सासुरवाशिणीचे निराळे, देशावरचे निराळे, खानदेशचे निराळे, असे सर्व येऊ द्यावे. शब्द अशुद्ध वाटला तरी बदलू नये. लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन, माझे अक्षर बरे आहे. दुसरी, आपल्या जवळच्या अंगणवाडीत सेविका ताईंच्या सोयीने आठवड्यातून एक दिवस दोघी-दोघींनी जावे आणि मुलांत बसून गावे. तेथील सेविका आणि मदतनीस यांच्यावर पोषणाचा आहार, वजने, नोंदी यांचा एवढा भार असतो की गाण्याला वेळ उरत नाही. आपण गेलो तर त्यांनाही हातभार लागेल.

आवाज गोड नाही म्हणून कोणी मागे राहू नये. पाळण्यातल्या बाळाने आजवर कोणाच्या आवाजाला नाव ठेवलेले मी तरी ऐकलेले नाही.

कै. ताराबाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन, आणि मंडळास पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.